‘मिझ 45’ बघताना आपण नक्की कोणाच्या बाजूने असतो?

सूडाच्या सिनेमाचं गणित तसं सोपं असतं. कोणीतरी कोणावर तरी अन्याय करतं, पोलीस-कोर्ट काही कामाला येत नाही, मग ज्याच्यावर अन्याय झालाय तो एकेकाला शोधून काढतो आणि वहीतली उधारी खोडावी तशी नावं खोडत जातो. शेवटचं नाव खोडलं की पिक्चर संपला, आपण मोकळे. एबल फेरारा या दिग्दर्शकाचा 1981 चा ‘मिझ 45’ पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत याच गणिताचं सोंग घेतो आणि मग असा काही वळतो की आपण टाळ्या वाजवायला हात उचललेले असतात ते तसेच राहतात. कल्ट सिनेमा, म्हणजे मोजक्या पण वेड्या चाहत्यांनी जिवंत ठेवलेला सिनेमा, म्हणून याचं नाव खूप लोकांनी ऐकलेलं असतं, पण ‘बाई बंदूक घेते आणि पुरुषांना मारते’ यापलीकडे त्यात काय आहे ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख. स्टोरी शेवटपर्यंत सांगणार आहे, त्याशिवाय मुद्दा कळणारच नाही, त्यामुळे स्पॉयलरची चीड असेल तर आधी सिनेमा बघून या, साधारण 80 मिनिटांचाच आहे. लैंगिक हिंसा आहे त्यात, हेही आधीच सांगून ठेवते.

तर थाना नावाची एक तरुण मुलगी. न्यूयॉर्कच्या गार्मेंट डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मॅनहॅटनमधला तो जो कपडे शिवणाऱ्यांचा आणि फॅशनवाल्यांचा भाग आहे तिथे, एका डिझायनरकडे ती शिवणकाम करते. ती बोलू शकत नाही. ऐकू येतं, समजतं सगळं, पण आवाज नाही. एका संध्याकाळी कामावरून घरी येताना मास्क घातलेला एक माणूस तिला गल्लीत ओढतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती कशीबशी घरी पोचते तर घरात चोर शिरलेला, त्याच्याकडे पिस्तूल, आणि तोही तेच करतो. (मास्कवाला पहिला माणूस खुद्द फेराराने केलाय, क्रेडिटमध्ये जिमी लेन असं खोटं नाव लावून. या माहितीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण ती माहीत झाल्यावर तो सीन आणखी त्रास देतो एवढं खरं.) या दुसऱ्या माणसाला ती आधी हाताशी आलेल्या काचेच्या सफरचंदाने मारते आणि मग इस्त्रीने संपवते. त्याचं .45 कॅलिबरचं पिस्तूल तिच्याकडे राहतं, सिनेमाच्या नावातले 45 ते हेच.

आता इथे जरा थांबूया, कारण बहुतेक लोक हा टप्पा पटकन ओलांडून पुढे जातात आणि माझ्या मते सगळा सिनेमा याच टप्प्यावर उभा आहे.

हा पहिला खून कायद्याच्या नजरेत बहुधा गुन्हाच नाही. न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत स्वसंरक्षणाचा भाग आहे, त्यात साधारण असं म्हटलंय की समोरचा माणूस जबरदस्तीने बलात्कार करतोय किंवा करायला बघतोय असं वाटायला रास्त कारण असेल तर त्याला थांबवायला जीवघेण्या बळाचा वापरही चालतो, आणि घरात घुसलेल्या चोराबद्दल तर वेगळं कलमच आहे. म्हणजे थानाने फोन करून पोलिसांना बोलावलं असतं तर ती सुटायची शक्यता बरीच होती. पण ती फोन करणार कशी? बोलताच येत नाही. चिठ्ठी लिहील, मान्य, पण लिहून काय सांगणार, एकाच संध्याकाळी दोनदा झालं म्हणून? पहिल्याचा चेहरा मास्कखाली होता, दुसरा मेलाय, साक्षीदार कोणी नाही.

आणि इथे त्या काळातला न्यूयॉर्कचा कायदा माहीत असला की सिनेमा एकदम वेगळा दिसायला लागतो. 1974 पर्यंत त्या राज्यात बलात्काराच्या केसमध्ये बाईची नुसती साक्ष पुरेशी धरत नव्हते, तिच्या सांगण्याला दुजोरा देणारा वेगळा पुरावा लागायचा. चोरी झाली तर तुमच्या एकट्याच्या शब्दावर माणूस आत जाऊ शकायचा, मारहाण झाली तरी जाऊ शकायचा, पण याच एका गुन्ह्यात तुमचा शब्द एकटा उभा राहू शकत नव्हता. 1974 ला ती अट गेली. पुढच्या वर्षी, 1975 ला, पीडितेचा आधीचा खासगी इतिहास कोर्टात उकरून काढण्यावर बंधनं आणणारा कायदा आला. पण बाईने ‘मनापासून प्रतिकार’ केला होता का हे बघण्याची अट 1982 पर्यंत टिकून होती, म्हणजे सिनेमा आला त्या वर्षीही होतीच. आणि नवऱ्याने केलेला बलात्कार तिथे गुन्हा ठरायला 1984 उजाडावं लागलं, तेही राज्याच्या सर्वोच्च अपील कोर्टाने लिबर्टा नावाच्या केसमध्ये ती सूट घटनाबाह्य ठरवली म्हणून.

आता परत थानाकडे बघा. लेखक निकोलस सेंट जॉनने नायिका मुकी का केली असेल? सोपं उत्तर, गूढ वाटावं म्हणून. 1973 सालच्या अशाच एका स्वीडिश सूडाच्या सिनेमात, ‘थ्रिलर’मध्ये, नायिका मुकीच होती, म्हणजे ही युक्ती अगदी नवीन नव्हे. पण न्यूयॉर्कमध्ये ठेवल्यावर त्या मुकेपणाला वेगळं वजन येतं, कारण ज्या शहरात सात वर्षांपूर्वीपर्यंत अशा बाईच्या एकट्या बोलण्याला कायद्याने पुरेसा पुरावा मानत नव्हते तिथे तिला आवाज असता तरी किती फरक पडला असता हा प्रश्न सिनेमा एक शब्दही न बोलता विचारतो. फेराराच्या डोक्यात हे सगळं कायदेबियदे होतं असं मी म्हणत नाहीये. पण ज्यांनी तो तेव्हा त्या शहरात थिएटरात बसून बघितला त्यांच्या जगात हे होतं.

तर ती पोलिसांना बोलवत नाही. प्रेताचे तुकडे करते, पिशव्यांत भरते, काही फ्रिजमध्ये ठेवते आणि रोज थोडं थोडं शहरात ठिकठिकाणी टाकून येते. आणि इथे ती पहिल्यांदा खरोखर गुन्ह्याच्या हद्दीत येते. मारल्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे. कारण लपवायला लागल्यावर प्रत्येक अनोळखी माणूस धोका वाटायला लागतो, आणि पिस्तूल तर आता पर्समध्येच आहे.

यानंतरचे खून क्रमाने बघायला हवेत. सिनेमाची खरी चलाखी त्या क्रमात आहे, लोक बोलताना ते सगळे एका वाक्यात गुंडाळतात आणि तिथेच घोळ होतो.

पिस्तुलाने मरणारा पहिला माणूस म्हणजे रस्त्यावरचा एक तरुण. थाना पिशवी टाकून निघून जाते, त्याला वाटतं हिची पिशवी राहिली, तो ती घेऊन तिच्या मागे लागतो. टपोरी आहे, बाईच्या मागे लागायला त्याला आवडतही असेल, पण त्या क्षणी तो पिशवी परत द्यायला धावतोय. ती गल्लीत अडकते, घाबरते, गोळी झाडते. म्हणजे सूडाच्या यादीतलं पहिलं नावच यादीत नसलेल्या माणसाचं. मग एक फॅशन फोटोग्राफर, जो तिला गोड बोलून स्टुडिओत बोलावतो, तिच्यावर हात उचललेला नाही पण असले लोक कसे असतात ते आपल्याला माहीत आहे असं आपण मनात म्हणतो आणि पुढे सरकतो. मग एका वेश्येला मारणारा दलाल, तिथे तर आपण चक्क खूश. मग पार्कात तिला घेरणारी टोळी, हा सगळ्यात गाजलेला सीन, ती मधोमध उभी आणि ते चारी बाजूंनी जवळ येतायत, आणि मग एकेक जण पडतो. मग लिमोझिनमधला श्रीमंत शेख आणि त्याचा ड्रायव्हर. शेखने तिला पैसे देऊन गाडीत घेतलंय एवढंच, आणि ड्रायव्हरने काय केलंय? गाडी चालवली.

आणि मग तो मुलगा. रस्त्यात आपल्या मैत्रिणीला किस करतो, तिला सोडून घराकडे निघतो, आणि थाना त्याच्या मागे जाते. ती मुलगी राजी होती, कोणाची काही तक्रार नाही, तरी थाना मागे. नशिबाने तो वेळेत बिल्डिंगमध्ये शिरतो आणि वाचतो, त्याला कधी कळणारही नाही आपण कशातून सुटलो ते. हा सीन बघताना मी पहिल्यांदा थानाच्या विरुद्ध बाजूला होते, आणि गंमत म्हणजे दोन-तीन सीन आधी तिने मारलेल्या ड्रायव्हरबद्दल मला काहीच वाटलं नव्हतं. फेरारा प्रेक्षकाला असा पायरी पायरीने उतरवत नेतो, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा इतकी थोडी खाली की आपण नक्की कुठे थांबायला हवं होतं ते सांगताच येत नाही. दलालाला मारलं ते बरोबर, मग फोटोग्राफर? टोळी बरोबर, मग ड्रायव्हर? प्रत्येकाची रेघ वेगळी येते, मित्रांसोबत बसून बघा, भांडणं होतात.

आणखी एक सीन सांगायलाच हवा. बाकावर बसलेला एक माणूस थानाला आपली रडकथा ऐकवतो, बायकोचं दुसऱ्या बाईबरोबर होतं, मग मी तिच्या मांजराला मारलं वगैरे. बोलतोच आहे, बोलतोच आहे, आणि ती ऐकते, कारण तिला ऐकण्याशिवाय गत्यंतर नाही, आयुष्यभर लोक तिच्यासमोर हेच करत आलेत. ती पिस्तूल काढते तर पिस्तूल अडकतं. आणि तो माणूस ते तिच्या हातून घेतो आणि स्वतःवरच झाडतो. विनोदी आहे, भयंकर आहे, आणि सूडाच्या सिनेमात अशी जागा मी दुसरीकडे बघितलेली नाही.

आता सूड आणि व्हिजिलांटी यातला फरक. सूडात माणूस ठरलेला असतो, ‘ज्याने माझं वाईट केलं तो’. व्हिजिलांटी, म्हणजे जो स्वतःच पोलीस, स्वतःच जज आणि स्वतःच जल्लाद होतो, त्याचा शत्रू माणूस नसतो, प्रकार असतो. 1978 चा ‘आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह’ शुद्ध सूडपट आहे, अत्याचार करणारे चौघे, मरणारेही तेच चौघे, हिशोब बंद. 1974 चा चार्ल्स ब्रॉन्सनचा ‘डेथ विश’ व्हिजिलांटीपट. न्यूयॉर्कमधला एक आर्किटेक्ट, त्याच्या बायकोचा खून होतो, मुलीवर अत्याचार होतो, आणि तो रात्री बाहेर पडून लुटारू मारायला लागतो, पण ज्यांनी त्याच्या घरात घुसून ते केलं ते शेवटपर्यंत सापडत नाहीत. नीट विचार केला तर हे किती विचित्र आहे ना? मूळ गुन्हेगार मोकळे आणि भलतेच मरतात, तरी लोकांनी तेव्हा थिएटरात जल्लोष केला. ज्याच्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला तो ब्रायन गारफिल्ड त्यावर नाराज होता, त्याला हे असं वागणं चूक आहे हे दाखवायचं होतं आणि सिनेमाने त्याचा हिरो केला, म्हणून त्याने 1975 ला ‘डेथ सेंटेन्स’ नावाची पुढची कादंबरी लिहिली.

‘मिझ 45’ मध्येही मास्कवाला पहिला माणूस कधीच सापडत नाही. पण ‘डेथ विश’ एक काळजी घेतो, मरणारा प्रत्येक जण आधी कोणाला तरी लुटताना किंवा धमकावताना दिसतो, म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी शांत झोपलेली राहते. फेरारा ती सोय काढून घेतो. बाकी सगळं तेच ठेवून एवढी एकच गोष्ट काढली की काय होतं ते बघा, असं काहीसं.

आणि हे फक्त पडद्यावरचं नाही. सिनेमानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर 1984 मध्ये, न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, बर्नार्ड गेट्झ नावाच्या माणसाने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या, त्यातला एक कायमचा अपंग झाला. ते मला लुटणार होते असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला शहरातल्या बऱ्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. केस वर गेली तेव्हा 1986 ला अपील कोर्टाने स्पष्ट केलं की ‘मला धोका वाटला’ एवढं पुरत नाही, त्या जागी शहाण्या माणसालाही तसं वाटलं असतं का हे बघावं लागेल. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं आणि फक्त बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल दोषी धरलं. म्हणजे ‘वाटलेला धोका’ आणि ‘असलेला धोका’ यातलं अंतर, जे थानाच्या डोक्यात सिनेमाभर पुसट होत जातं, त्यावर खऱ्या कोर्टात वर्षानुवर्षं घासाघीस झाली.

आता कॅमेऱ्याचा मुद्दा, कारण या प्रकारच्या सिनेमांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे आणि तो खोटा नाही. लॉरा मल्वी या अभ्यासक बाईंनी 1975 च्या एका निबंधात मांडलं की नेहमीच्या सिनेमात कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो आणि बाई बघण्याची वस्तू होते. मग बलात्कार आणि सूड दाखवणारा सिनेमा काय करतो, आधी तासभर बाईचे हाल बघायला लावतो आणि मग शेवटी सूडाचं प्रायश्चित्त घेतो, असा आरोप. समीक्षक रॉजर ईबर्टने ‘आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह’ला शून्य स्टार दिले आणि सिनेमापेक्षाही थिएटरातल्या प्रेक्षकांची शिसारी आली असं साधारण लिहिलं. याच्या उलट बाजूने कॅरल क्लोव्हर या बाईंनी 1992 च्या पुस्तकात म्हटलं की थांबा, इथे पुरुष प्रेक्षकसुद्धा त्या बाईच्याच जागी बसून सगळं सोसतो आणि तिच्याच बाजूने सूड मागतो, त्यामुळे ‘पुरुषाची नजर’ एवढं सरळ नाहीये. मला दोन्ही पटतं, हे पळवाट वाटेल पण खरं आहे. ‘मिझ 45’ मध्ये अत्याचाराचे सीन आटोपते आहेत आणि कॅमेरा बराच वेळ थानाच्या चेहऱ्यावर राहतो, हे त्याच्या बाजूने. पण त्याच सिनेमाचं पोस्टर बाईच्या पायांवर आणि पिस्तुलावर विकलं गेलं. स्वस्तातल्या थिएटरांसाठी केलेला सिनेमा होता तो, मग व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी शोधून शोधून बघितला, 2013 मध्ये न कापलेली प्रत अमेरिकेत पुन्हा थिएटरांत लागली, कल्टचा प्रवास थोडक्यात हाच.

थानाचं काम करणारी झोई लुंड, तेव्हा टॅमर्लिस आडनाव लावायची, शूटिंगच्या वेळी जेमतेम 17-18 वर्षांची. शेवटचा एक शब्द सोडला तर एक संवाद नाही. पहिल्या भागातला तो दबलेला, खाली बघणारा चेहरा आणि नंतर लाल लिपस्टिक लावून सरळ समोर बघणारा चेहरा, दोन्ही एकाच मुलीचे आहेत हे पटवायला तिला फक्त डोळे मिळाले होते आणि तेवढ्यावर तिने सिनेमा ओढून नेला.

शेवट हॅलोविनच्या पार्टीत. थाना ननचा वेश करून जाते, निघण्याआधी आरशासमोर एकेका गोळीला किस करून ती मॅगझिनमध्ये भरते. पार्टीत तिचा बॉस तिला वरच्या खोलीत नेतो, लगट करायला लागतो, मरतो. मग ती खाली येते आणि समोर दिसेल त्या पुरुषावर गोळ्या झाडते, स्लो मोशन, मागे संगीतकार जो डेलियाचं ते कर्कश संगीत. आता कोणी काय केलंय हा प्रश्नच उरलेला नाही, पुरुष असणं पुरे. आणि तिला थांबवतं कोण, तर तिच्याबरोबर काम करणारी लॉरी, मागून सुरा खुपसते. थाना वळते, पिस्तूल रोखते, आणि समोर बाई बघून झाडत नाही. तिच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो, ‘सिस्टर’.

यावर वाद घालणारे दोन गट पडतात. एक म्हणतो की बाईनेच बाईला मारलं, म्हणजे व्यवस्था बायकांच्याच हातून बायकांना आवरते. दुसरा म्हणतो लॉरी शहाणी होती, माणसं मरत होती, तिने वाचवली. लॉरी काही दबलेली बाई नाहीये हे पहिला गट सोयीने विसरतो, रस्त्यावर छेडणाऱ्यांना तोंडावर शिव्या देणारी तीच असते. तिच्याकडे आवाज होता म्हणून तिला पिस्तूल लागलं नाही, असं मला वाटतं. थाना तिच्यावर गोळी झाडत नाही यात प्रेम आहे की नुसता नियम, ‘पुरुष मारायचे, बायका नाही’, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही.

फेरारा आणि लुंड पुढे परत एकत्र आले ते 1992 च्या ‘बॅड लेफ्टनंट’साठी. त्याची पटकथा लुंडने फेराराबरोबर लिहिली आणि त्यात छोटं कामही केलं. त्यात एका खऱ्या ननवर चर्चमध्ये बलात्कार होतो, करणारे कोण ते तिला माहीत असतं, आणि ती नावं सांगायला नकार देते, त्यांना माफ करते. हार्वी कायटेलने केलेला पोलीस, जो स्वतः गळ्यापर्यंत ड्रग्ज आणि जुगारात बुडालाय, तो या माफीने वेडापिसा होतो, त्याला ते समजतच नाही, आणि शेवटी त्या दोन पोरांना पकडूनही हातात 30,000 डॉलर देऊन बसमध्ये बसवून देतो. एकदा ननचा वेश आणि पिस्तूल, एकदा खरी नन आणि माफी, तीच दोन माणसं, मधे अकरा वर्षं. लुंड 1999 ला पॅरिसमध्ये वारली, 37 वर्षांची होती. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघायचे असतील तर आधी ‘मिझ 45’ बघा आणि मधे एखादा दिवस जाऊ द्या, कारण दुसऱ्यातल्या ननचा राग यायला लागतो आणि तो राग कुठून आला ते पहिला बघितलेला असला तरच कळतं.